डाव्या गालातली खडीसाखर

"आ करा, काका. आणि आज तरी भांडू नका."

"आ केल्यावर भांडणार कसा?" मी म्हटलं.

"तुम्ही तेही करता," तबस्सुम म्हणाली आणि तोंडात आरसा घालून तिनं माझी बोलती बंद केली.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत गुलाबचाचा मुजावरांचं तंबोऱ्याचं दुकान. तबस्सुम त्यांची लेक. दातांची डॉक्टर होऊन आली आणि दुकानाला लागूनच तिनं दवाखाना टाकला. भिंतीपलीकडं भोपळे वाळत पडलेले, अलीकडं दात कोरायचं मशीन. लाखेचा आणि औषधाचा मिळून असा काही वास यायचा की नवा पेशंट दारातच थबकायचा. मी काही नवा नव्हतो. ही पोर फ्रॉक घालून भोपळ्यांवर चढून बसायची तेव्हापासून मी तिला तबू म्हणतो. डॉक्टर झाली म्हणून आता मॅडम म्हणू? जिभेला वळण पडेना.

मी सिदराम कोरवी. सनई वाजवतो. आजापासून आमच्या घरात सनई आहे आणि देवीच्या देवळात घटस्थापनेच्या पहाटेची पहिली सनई आमचीच असते. स्वभावानं मी तापट. आमच्या शेवंताच्या मते तापट हा शब्द कमी पडतो. शेवंता म्हणजे माझी बायको. त्या दिवशीही ती दवाखान्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, कारण मी एकटा गेलो तर काय बोलून येईन याचा तिला भरवसा नव्हता.

आदल्या वर्षी माझ्या घशात, पडजिभेच्या बाजूला गाठ निघाली होती. रेडिएशन दिलं. गाठ गेली, मी राहिलो. पण तोंडातलं पाणी आटलं ते आटलंच. लाळ ही काय चीज आहे ते ती आटल्यावर कळतं, बघा. भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा, खाली उतरायचा नाही. चव तर कशाचीच नाही. शेवंतानं झुणका केला तरी भुसा आणि बासुंदी केली तरी भुसा.

आणि मग दात किडायला लागले. सगळे एकदम. ज्या दातांनी मी अख्खी सुपारी फोडत होतो, ते हिरडीशी तपकिरी व्हायला लागले.

"उपटून टाक की," मी पहिल्याच दिवशी तबूला म्हटलं होतं.

"उपटायचे नाहीत, काका. तेच तर आहे. रेडिएशन मिळालेल्या जबड्यातला दात काढला तर जखम भरेलच असं नाही. हाड सडायला लागतं कधीकधी. दात आहेत तिथंच वाचवायचे."

दात गेले तर मरणार नव्हतो मी. पण सनई गेली असती. लोकांना वाटतं सनई फुंकायची असते. फुंकर तर कुणीही घालेल! सनईच्या टोकाची पत्ती धरायची ओठांनी, आणि त्या ओठांना मागून टेका असतो तो पुढच्या दातांचा. तो टेका गेला की ओठ आत पडतात आणि सूर घसरतो. माझ्या बापाचं हेच झालं. दात पडले, सनई धरवेना. सगळ्यांत पुढं बसणारा माणूस, पण शेवटची वर्षं मागं बसून झांज धरायचा आणि माझी सनई ऐकताना नुसते ओठ हलवायचा. मी वाजवत असताना मागं वळून बघत नसे. बघवायचंच नाही.

मी आजारी होतो त्या घटस्थापनेला पंचांनी देवळात सनईची सीडी लावली होती. भोंग्यावर! ती मध्येच अडकली आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला म्हणे. हे ऐकून मला हसू यायला पाहिजे होतं. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो.

तबूनं मात्र सगळं मनावर घेतलं होतं. माझ्या दातांच्या मापाचे पातळ साचे तिनं करून दिले होते. रोज रात्री त्यांत फ्लोराइडची जेल घालायची, साचे दातांवर बसवायचे, काढल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी तापट आहे, पण शिस्तीचा आहे. रियाझ कधी चुकवला नाही, जेल कशी चुकवीन? शेवंता समोर घड्याळ घेऊन बसायची. साचे घातल्यावर मला बोलता यायचं नाही, म्हणून दिवसभराची सगळी बोलणी ती तेव्हाच उरकून घ्यायची.

तर त्या दिवशी तबूनं आरसा फिरवला, दिवा जवळ ओढला, परत आरसा फिरवला आणि गप्प झाली. ही पोर गप्प झाली की मला भीती वाटते.

"काय गं?" मी विचारलं. पण तोंडात आरसा असल्यानं नुसतंच "आ आं?" झालं.

तिनं आरसा काढला. "उजवी बाजू छान थांबलीय, काका. जसं पाहिजे तसंच. पण डावीकडं नवीन पांढरे डाग आलेत. वरच्या सुळ्याला आणि त्याच्या पुढच्या दोन दातांना. एक तर खरखरीत लागतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे कीड चालू आहे. एकाच बाजूला. का, ते मला कळत नाही." तिचा चेहरा उतरला होता. "जेल दोन्हीकडं सारखी जाते. लाळ तर दोन्हीकडं सारखीच आटलीय. मग डावीकडंच काय होतंय? गोड खाता का काही?"

"अजिबात नाही! चहा बिनसाखरेचा. विचार तुझ्या काकूला."

"खरंय गं," शेवंता बाकावरून म्हणाली. "नागपंचमीला पुरण घातलं न्हाई मी, ह्यांच्यापायी. शेजारणीनं दिलेलं पण परत पाठवलं."

"म्हणजे दात सनईला टेका देणार नाहीत ना?" मी विचारलं. आवाज जरा मोठाच झाला. "सरळ सांग. घटस्थापना तोंडावर आलीय. वाजवू का नको?"

"आज लेसर करूया," तबू म्हणाली. तिनं ते यंत्र नवीनच आणलं होतं, बापाशी हट्ट करून. "आधी दातांना फ्लोराइड लावते आणि त्यावरून लेसर फिरवते. दाताचा वरचा थर त्यानं जरा घट्ट होतो, आम्ल त्याला लवकर खात नाही आणि फ्लोराइडही जास्त धरून राहतं. असं दिसलंय अभ्यासात. अजून अभ्यास चालू आहेत, काका, म्हणून मी हमी देत नाही. पण तुमच्या बाबतीत मला हातात आहे ते सगळं वापरायचंय."

"वापर," मी म्हटलं. "हमी तर मी पण कधी मैफलीची दिली नाही."

ती यंत्राकडं वळली. तारा जोडायला, चष्मे पुसायला लागली. तेवढ्यात मधल्या दारातून गुलाबचाचा आत आले. हातावर लाखेचे डाग, कानावर पेन्सिल.

"काय सिदराम, पोरगी छळती का?"

"तुमचीच की. छळणारच," मी म्हटलं. तास-अर्धा तास तोंड उघडं ठेवून माझी जीभ टाळूला चिकटली होती. शब्दसुद्धा खरखरत बाहेर आला.

"अरे, घसा बघ किती कोरडा पडलाय," चाचा म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर एक खडा ठेवला. मी तो तोंडात टाकला. नेहमीसारखा जिभेनं डाव्या गालात सारला. पत्ती ओठांत धरायची, डावा गाल खडीसाखरेचा, असं माझ्या बापानंच शिकवलेलं.

तबू वळली. तिच्या हातात काळा चष्मा होता, तो तसाच राहिला.

"काका, गालात काय आहे?"

"कुठं काय? खडीसाखर."

पलीकडं दुकानात कुणीतरी तार छेडून बघत होतं.

"खडीसाखर," तबू म्हणाली. "तुम्ही म्हणालात गोड खात नाही."

"खातच नाही! खडीसाखर खातं कोण? ती तोंडात ठेवायची असते."

"किती वेळ?"

"विरघळेपर्यंत."

"आणि मग?"

"मग दुसरी. तोंड कोरडं पडतं ना गं! तूच म्हणालीस, तोंड ओलं ठेवा."

"पाण्यानं म्हटलं होतं मी, काका! पाण्यानं!" ती स्टुलावर बसलीच. "आणि रात्री? जेल लावल्यावर?"

"जेल लावल्यावर अर्धा तास काहीही नाही. एकदम कडक." मी अभिमानानं सांगितलं. "अर्ध्या तासानं एक खडा, झोपताना. घसा ओला राहतो."

शेवंतानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि तो खडा मीच काढून देती गं ह्यांना. उशाला वाटीत ठेवलेला असतो."

तबूनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. मला वाटलं रडते की काय. तर खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, देव जाणे, दोन्ही असावं. मग एकदम उठून तिनं माझ्यासमोर हात धरला. "थुंका."

"का?"

"थुंका, काका. लाळ ही दातांची राखणदार. ती धुऊन काढते सगळं. तुमच्याकडं राखणच नाही, आणि तुम्ही चोराला रोज गालात झोपवताय. मी रात्री भिंत बांधते आणि तुम्ही अर्ध्या तासानं ती पाडता."

आता माझंही टाळकं सरकलं. मी खडा थुंकला तो खुर्चीच्या भांड्यात, आणि उभा राहिलो.

"ऐक. माझ्या बापानं, त्याच्या बापानं, सगळ्यांनी गालात खडीसाखर धरून सनई वाजवली. ते काय वेडे होते? आणि दुसरी गोष्ट. मला कशाची चव लागत नाही. मीठ नाही, तिखट नाही, आमटी नाही. ह्या खड्याची तेवढी थोडी लागते. इतकीच." मी चिमूट दाखवली. "रेडिएशननं सगळं नेलं, एवढं एक गोड ठेवलं. ते पण तू घेणार? घे मग. दात पण ने, सनई पण ने!"

असं म्हणून मी दवाखान्यातून बाहेर पडलो आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. घरी जायचं होतं, पण गेलो नाही. बापाचे ते हलणारे ओठ डोळ्यांसमोर यायला लागले. तोंड वाळूसारखं कोरडं होतं आणि हात सवयीनं खिशात गेला. खिशात तुकडा होता. मी तो मुठीत धरून बसलो.

मागून चाचा आले. त्यांच्यामागून शेवंता, पिशवी घेऊन. दुकानात गल्ल्याशेजारी एक काचेची बरणी असायची, खडीसाखरेची. चाचांच्या बापाच्या वेळेपासूनची. तंबोरा बघायला गायक आला की आधी हातावर खडा, मग तंबोरा, अशी त्या घराची रीत. चाचांनी ती बरणी उचलली, झाकण काढलं आणि सगळी खडीसाखर शेवंताच्या पिशवीत ओतली.

"वहिनी, घरात चहाला वापरा. ह्याला दाखवू नका."

मग त्यांनी खणातून मूठभर मणी काढले, तंबोऱ्याच्या तारेत ओवतात ते, आणि बरणीत टाकले. काचेवर खडखड आवाज झाला. आणि मगच ते माझ्याशेजारी येऊन बसले.

"सिदराम, पोरीनं ती बरणी लहानपणापासून बघितली," ते म्हणाले. "रोज बघती. पण तिला कधी वाटलं नाही, ह्यात साखर आहे. मला पण नाही. आपल्याला ती साखर वाटतच नाही. आत रडती ती आता. म्हणती, अब्बा, मी कॉलेजात शिकून आले आणि घरातली बरणी दिसली नाही मला."

मी मूठ आणखी आवळली.

"आणि मी," चाचा पुढं म्हणाले. "पोरगी तुझे दात राखती, आणि तू आलास की बाप तुझ्या हातावर खडा ठेवतो. सगळा पावसाळा. तिच्या कामावर मीच पाणी ओतत होतो की रे."

"तुमचा काय दोष, चाचा? तुम्ही मायेनं दिलं."

"मायेनंच दिलं. म्हणून तर कुणाला कळलं नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ. तंबोऱ्याची जवारी काढताना तारांखालची घोडी जास्त घासली गेली तर मी नवी घोडी बसवतो. सूर परत येतो. तुझ्या दाताला मी कुठली घोडी बसवू? तो एकदा गेला की गेला. तुझी चव परत येईल कदाचित, डॉक्टर म्हणालेत ना. दात येणार नाही. आता तू ठरव."

मी मूठ उघडली. खडा घामानं चिकट झाला होता. मी तो चाचांच्या हातावर ठेवला आणि आत गेलो.

तबूचे डोळे लाल होते. मी खुर्चीत बसलो आणि आ केलं. माझ्याकडून माफी म्हणजे एवढीच, हे तिला ठाऊक होतं.

तिनं मला काळा चष्मा घातला, स्वतःही घातला, शेवंतालाही एक दिला. शेवंता तो घालून अशी ताठ बसली की तबूला हसू फुटलं. मग दातांवर फ्लोराइड लावलं. त्यावरून ती पेनासारखी कांडी फिरवायला लागली, हळूहळू, एकेका दातावरून. थोडी ऊब, बारीक टिकटिक, बस. चाचा दारात उभे राहून बघत होते. जवारी काढताना त्यांचा हात असाच चालतो, श्वास धरून. बापलेकीचा हात एकच, हे मला तेव्हा दिसलं.

त्यानंतर मी खडीसाखर सोडली. सोडली म्हणजे काय झालं ते शेवंताला विचारा. घरात भांडी आपटली, ताट ढकललं, रात्री उठून रिकाम्या वाटीत बोटं फिरवली. गळ्यात पाण्याची बाटली अडकवून फिरायला लागलो तर गल्लीतली माणसं म्हणायची, "सिदूदा, शाळेला निघालात का?" तबू परत परत बोलवायची, फ्लोराइड, लेसर, तपासणी. तोंड उघडं असताना ती मला शिव्या देऊ द्यायची, कारण एकही कळायची नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं डावीकडं बराच वेळ बघितलं. सुळ्यावरून हत्याराचं टोक फिरवलं.

"खरखरीत लागत नाहीये," ती म्हणाली. "गुळगुळीत आहे. थांबलंय, काका."

"मग वाजवू?"

"मला काय विचारता? दात तुमचे."

"माझे कुठले," मी म्हटलं. "तुझेच."

पहाटे देवळात माणसं दाटली होती. पंचांनी कोपऱ्यात सीडीचं यंत्र तयारच ठेवलं होतं, माझा भरवसा नव्हता त्यांना. त्यांना काय बोलायचं ते मी नंतर बोललो. धाकटा भाऊ मारुती सूर धरून बसला. शेवंता पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या डाव्या हाताला. पत्ती भिजवायला थुंकी नव्हती, म्हणून पाण्यात बुडवली. ओठांत धरली. ओठांना मागून टेका लागला. दात सगळे जागेवर होते.

पहिला सूर जरा कापरा आला. दुसरा सरळ गेला. मग मी भैरव धरला आणि कधी उजाडलं ते मला कळलं नाही. मध्ये मध्ये शेवंता तांब्या पुढं करायची, मी घोट घ्यायचो, पत्ती भिजवायचो, परत सुरू. एकदा बापासारखं कुणी मागं बसलंय असं वाटलं. या वेळी मी वळून बघितलं. मागं मारुती होता, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

थांबलो तेव्हा बंडू गुरव देवीपुढचं तबक घेऊन आला. मान पहिल्यापासून सनईवाल्याचा. त्यानं माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला. खडीसाखर! चांगला मोठा, लखलखीत खडा.

सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. प्रसाद हातात घेऊन तोंडात टाकला नाही असं आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. दूर खांबापाशी चाचा उभे होते आणि त्यांच्याशेजारी तबू. ती दवाखान्यात मला किती ओरडते! पण तेव्हा तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही. देवीचा प्रसाद होता ना. तिनं फक्त खाली बघितलं. माझ्यावर सोडलं.

मी खडा कपाळाला लावला. उठलो. माणसांतून वाट काढत खांबापर्यंत गेलो.

"तबू, हात पुढं कर."

"काका, हा तुमचा मान..."

"कर म्हणतो ना."

तिनं ओढणी सावरून ओंजळ पुढं केली. मी प्रसाद तिच्या हातावर ठेवला. "आज देवीनं जे ऐकलं ते तुझ्यामुळं. मान तुझा आहे. खा."

तिनं चाचांकडं बघितलं. चाचांनी डोळे पुसत मान डोलावली. तिनं खडा तोंडात टाकला.

आता याला पुष्कळ वर्षं झाली. चाचा गेले. मण्यांची बरणी तबूच्या दवाखान्यात आहे. तिच्यात हात घालणारा एखादा म्हातारा गायक अजून फसतो. माझी चव हळूहळू परत आली, आधी खारट, मग तिखट, मग शेवंताचा झुणका. एक दाढ गेली, पुढचे दात मात्र सगळे आहेत. रात्रीचे साचे अजून चालू आहेत आणि शेवंताची बोलणीही. लेसरनं किती केलं, फ्लोराइडनं किती, आणि खडीसाखर सोडल्यानं किती, असं मी एकदा तबूला विचारलं. तिलाही ते वेगळं करून सांगता आलं नाही. मला वेगळं करायचंही नाही. त्या पोरीनं माझा सूर माझ्या तोंडात ठेवला. तिचे उपकार मी बोलून फेडू शकत नाही. म्हणून वर्षातून एकदा वाजवून फेडतो, आणि तरी उरतातच.

दर घटस्थापनेला मी सनई खाली ठेवतो, प्रसाद कपाळाला लावतो आणि खांबापाशी जातो. तबू ओंजळ धरून उभी असते. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलंय. ती खडा तोंडात टाकते, विरघळू देते, आणि मी समोर उभा राहून विचारतो, "कशी आहे गं?"

"गोड आहे, काका," ती म्हणते. "लई गोड."

मग नळाशी जाऊन चूळ भरून येते.